रिअ‍ॅक्टरमध्ये माणूस उतरवण्याआधी: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

रिअ‍ॅक्टर (रसायनांची प्रक्रिया होते ती बंद टाकी) साफ करायचा असो, ग्लास लायनिंग (आतलं काचेचं अस्तर) बघायचं असो किंवा आतला डिप पाइप बदलायचा असो, आत माणूस उतरवायची वेळ आली की बहुतेक कारखान्यांत सगळ्या गोष्टी केल्या जातात. नायट्रोजन मारतात, ब्लोअर लावतात, मीटर आत सोडतात, पर्मिटवर (कामाच्या लेखी परवान्यावर) सह्या घेतात. तरीही माणसांचे जीव जातात, कारण या गोष्टी मागेपुढे होतात. ब्लाइंड, म्हणजे पाइपची वाट बंद करणारी धातूची चकती, टाकायच्या आधीच गॅस तपासतात. नायट्रोजनची लाइन जोडलेली असतानाच मॅनहोल उघडतात. सकाळी साडेनऊच्या वाचनावर दुपारी दोन वाजता माणूस खाली जातो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण म्हणून महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभ अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दिसेल असा ५ हजार लिटरचा ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टर घेऊ. शेवटची बॅच टोल्युइनमध्ये झालेली आहे. खालचे आकडे टोल्युइनचे आहेत. तुमच्याकडे दुसरं सॉल्व्हंट असेल तर त्याच्या एमएसडीएसमधून (सुरक्षा माहितीपत्रकातून) तेच आकडे काढा आणि मगच पुढे जा.

१. आत जायलाच हवं का?

हा प्रश्न पर्मिटच्या पुस्तकात नसतो, त्यामुळे कोणी विचारत नाही. भिंतीला चिकटलेला माल स्प्रे बॉलने किंवा सॉल्व्हंट उकळवून निघत असेल तर माणूस कशाला? लायनिंगला तडा आहे का, एवढंच बघायचं असेल तर मॅनहोलमधून दांडीवरचा कॅमेरा सोडता येतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा आपण आत उतरतो ते सवयीने. ज्या कामासाठी उत्तर ‘हो, जावंच लागेल’ असं येईल, त्यासाठीच पुढचं सगळं.

२. आदल्या दिवशीची तयारी

ही तयारी ऑफिसात बसून होत नाही. पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचं ड्रॉइंग, हातात घ्या, ऑपरेटर आणि फिटर दोघांना सोबत घ्या आणि रिअ‍ॅक्टरभोवती फिरा. रिअ‍ॅक्टरच्या प्रत्येक नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) हात लावून ती लाइन कुठे जाते हे शेवटपर्यंत बघा. ड्रॉइंगवर आहे आणि जागेवर नाही, किंवा जागेवर आहे आणि ड्रॉइंगवर नाही, अशी एखादी तरी लाइन सापडतेच.

ही फेरी मारताना ब्लाइंडची यादी तयार होते. प्रत्येक ओळीत नोझल, लाइनचं नाव, साइज, ब्लाइंड टाकायचा की स्पूल (पाइपचा सुटा तुकडा) काढायचा, आणि टॅग नंबर. सहसा विसरल्या जाणाऱ्या जागा अशा: कॉमन व्हेंट हेडर (सगळ्या टाक्यांचे व्हेंट एकत्र येतात तो पाइप), रप्चर डिस्कनंतरची (दाब वाढला की फुटणाऱ्या सुरक्षा चकतीनंतरची) लाइन, कंडेन्सर आणि रिसीव्हरकडून परत येणारी लाइन, व्हॅक्यूमची लाइन, सॅम्पलिंगचा नळ, अ‍ॅजिटेटरच्या (आतल्या घुसळणीच्या) सीलला दिलेला नायट्रोजन. जॅकेटची (टाकीभोवतीच्या तापवायच्या-थंड करायच्या पोकळीची) वाफ आणि ब्राइनही (थंड करायचं खारं पाणी) यादीत हवी. लायनिंग फुटलेलं असेल तर जॅकेटमधलं काहीही आत येऊ शकतं, आणि आपण आत जातोय ते बहुधा लायनिंगवर शंका आहे म्हणूनच.

दुसरी यादी आत काय उरलं असेल त्याची. फक्त शेवटच्या बॅचचं सॉल्व्हंट लिहून थांबू नका. रेनी निकेलसारखं उत्प्रेरक वापरलं असेल तर ते कोरडं पडून हवा लागली की आपोआप पेटतं. थायोनिल क्लोराइड किंवा फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड उरलं असेल आणि कोणी धुवायला पाणी सोडलं, तर आम्लाच्या वाफांचा लोट उठतो आणि दाब चढतो. टीएचएफसारखी (टेट्राहायड्रोफ्युरान) सॉल्व्हंट साठून राहिली तर त्यांत स्फोटक पेरॉक्साइड बनतं. धुवायचं कशाने, हे इथे ठरतं.

तिसरी गोष्ट बचावाची. ती आदल्या दिवशीच ठरली पाहिजे. त्याबद्दल आठव्या टप्प्यात सविस्तर.

> तपासा: ब्लाइंडची यादी, उरलेल्या रसायनांची यादी आणि बचावाची योजना, तिन्ही कागदावर आहेत का? एकही तोंडी असेल तर काम उद्यावर ढकला.

३. रिकामा करणं आणि धुणं

रिअ‍ॅक्टर तळापर्यंत रिकामा करा आणि दाब उतरवा. दाबाचं गेज शून्यावर दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. चिकट मालाने गेजची नळी बुजलेली असते, तेव्हा काटा आत काहीही असलं तरी शून्यावरच बसतो. व्हेंट उघडून खात्री करा.

धुताना दोन धोके आहेत. पहिला स्थिर विजेचा. टोल्युइनमधून वीज सहज वाहून जात नाही, आणि काचेच्या अस्तरावरून तर अजिबात जात नाही. वरून सॉल्व्हंटचा फवारा मारला किंवा धार उंचावरून पडू दिली की भार साठतो. म्हणून आधी नायट्रोजनखाली ऑक्सिजन कमी करा, भरणी डिप पाइपने तळाशी करा, होज आणि ड्रम अर्थिंगला जोडा.

दुसरा धोका वाफेचा. वाफ सोडून टाकी तापवली, मग वाफ बंद केली आणि व्हेंटही बंद राहिला, तर वाफ थंड होऊन आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पातळ पत्र्याची टाकी कागदी पेल्यासारखी आत चेपते. वाफ चालू असेपर्यंत आणि त्यानंतर टाकी थंड होईपर्यंत व्हेंट उघडा ठेवा. ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरला तर गरम असताना थंड पाणी लावूच नका, लायनिंगला तडे जातात.

धुवून झालं की बॉटम व्हॉल्व्हच्या खोबणीत आणि डेड लेगमध्ये (पाइपच्या बंद टोकाच्या फाट्यात) काय उरलंय ते बघा. अर्धा लिटर सॉल्व्हंट तिथे बसलेलं असेल तर पुढचा सगळा नायट्रोजन वाया गेला असं समजा. ते हळूहळू उडत राहतं आणि दोन तासांनी वाचन पुन्हा चढतं.

४. आधी नायट्रोजन, मग हवा

हा क्रम उलटा करता येत नाही. टोल्युइनच्या वाफांनी भरलेल्या टाकीत थेट हवा सोडली तर वाफा पातळ होताना स्फोटक पट्ट्यातून जातात, आणि त्या वेळी एखादी ठिणगी पुरते. आधी नायट्रोजनने वाफा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे एलईएलच्या, बऱ्याच खाली आणायच्या आणि मग हवा द्यायची.

किती नायट्रोजन लागेल याचा हिशेब सोपा आहे. तीस अंशांना टोल्युइनच्या संपृक्त वाफा साधारण ४.८ टक्के असतात. टोल्युइनचं एलईएल साधारण १.१ टक्के. नायट्रोजनचा दाब १ बार चढवून व्हेंट केलं की आतली वाफ निम्मी होते. सहा वेळा केलं की ती चौसष्टावा भाग उरते, म्हणजे ०.०७५ टक्के, एलईएलच्या सात टक्क्यांच्या आसपास. हे आत द्रव अजिबात उरलेला नाही असं धरून. पूर्ण १ बार चढवायला तुमच्या टाकीचा डिझाइन दाब आणि रप्चर डिस्क परवानगी देते का, हे आधी बघा. देत नसेल तर कमी दाबाने जास्त फेऱ्या करा.

नुसता नायट्रोजन एका नोझलमधून सोडून दुसरीकडून तासभर वाहू देणं, ही पद्धत मला आवडत नाही. दोन्ही नोझल वरच्या डिशवर असतील तर नायट्रोजन वरच्या वर निघून जातो आणि तळाशी जड वाफा तशाच राहतात. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते.

> थांबा: या टप्प्यानंतर टाकीत जवळपास निव्वळ नायट्रोजन आहे. त्याला वास नाही, रंग नाही. अशा हवेत एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, आणि आपल्याला काही होतंय हे कळायलाही वेळ मिळत नाही. मॅनहोल उघडल्यावर त्याच्या काठाशी वाकणं हेही आत जाण्याइतकंच घातक आहे.

अमेरिकेत डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत ५ नोव्हेंबर २००५ रोजी नेमकं हेच झालं. नायट्रोजन चालू असलेल्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलपाशी काम करणारा एक कंत्राटी कामगार आत गुदमरला, आणि त्याला काढायला गेलेला त्याचा सहकारीही वाचला नाही. मॅनहोलचे बोल्ट ढिले करायला सुरुवात होईल तेव्हाच तिथे बॅरिकेड आणि ‘आत नायट्रोजन’ अशी मराठी व हिंदी पाटी लागली पाहिजे. इंग्रजी पाटी तिथल्या बहुतेक हेल्परांसाठी नसल्यासारखीच असते.

५. वेगळं करणं: ब्लाइंड, स्पूल, कुलूप

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

बंद व्हॉल्व्ह म्हणजे वेगळी केलेली लाइन नव्हे. व्हॉल्व्ह पास होतो (बंद असूनही गळतो), त्याच्या सीटमध्ये कचरा अडकतो, कोणीतरी चुकून उघडतो. टेक्ससमधल्या पासाडेनाच्या प्लास्टिक कारखान्यात २३ ऑक्टोबर १९८९ रोजी दाबाखालच्या वायूपुढे एकच बॉल व्हॉल्व्ह होता. त्याच्या अ‍ॅक्च्युएटरचे हवेचे पाइप उलटे जोडले गेले होते, त्यामुळे पॅनलवरचं बटण ‘बंद’वर असताना व्हॉल्व्ह उघडला. त्या स्फोटात २३ जण गेले. माणूस आत जाणार असेल तर दोनच गोष्टी चालतात: योग्य जाडीचा ब्लाइंड, किंवा स्पूल काढून दोन्ही टोकं बंद करणं.

ब्लाइंड म्हणजे वर्कशॉपमध्ये कापलेला पत्र्याचा तुकडाही नव्हे. लाइनचा दाब झेलेल एवढी जाडी हवी, गॅस्केट दोन्ही बाजूंनी हवं आणि दुरून दिसेल अशी शेपटी हवी. शेपटीवर टॅग नंबर. हे टॅग मोजता आले पाहिजेत, कारण शेवटी तेवढेच परत काढायचे आहेत.

क्रम असा ठेवा. आधी रसायनांच्या लाइन, मग व्हॅक्यूम, व्हेंट हेडर, जॅकेट. नायट्रोजनची लाइन सर्वांत शेवटी, पण मॅनहोल उघडण्याच्या आधी. व्हेंट हेडर तोडल्यावर टाकी कोंडली जाऊ नये म्हणून सुरक्षित जागी एक मोकळा व्हेंट ठेवा.

फ्लँज (पाइपांचा बोल्टने जोडलेला सांधा) उघडताना फिटरला एक गोष्ट शिकवाच. आधी आपल्यापासून लांबच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले करायचे, काढायचे नाहीत. फ्लँजमध्ये पाचर मारून किंचित फट पाडायची. आत काही अडकलं असेल तर ते समोरच्या बाजूला उडतं. आपल्याकडचा बोल्ट आधी काढणाऱ्या फिटरच्या तोंडावर आम्ल उडालेलं मी पाहिलंय. चेहऱ्यावर शील्ड होती म्हणून डोळे वाचले, पण गळ्यावर डाग राहिला.

व्हेंट हेडरबद्दल एक प्रसंग सांगतो. मी एका कारखान्यात शिफ्टला होतो. आठ ब्लाइंडची यादी होती, आठही टाकले होते. सकाळी साडेनऊला ऑक्सिजन २०.९, एलईएल शून्य. दोघं आत खरवडत होते. जेवायला बाहेर आले. पर्मिट संध्याकाळी सहापर्यंतचं होतं, त्यामुळे दोघंही थेट परत उतरायला निघाले. मॅनहोलवर एक जुने ऑपरेटर काका बसले होते. ते म्हणाले, “मीटर आणा, त्याशिवाय मी कोणाला पाय टाकू देणार नाही.” मीटर आणायला दहा मिनिटं गेली, सुपरवायझर चिडला. नळी तळापर्यंत सोडली आणि वाचन आलं १४ टक्के एलईएल.

शोधल्यावर कळलं की दोन वर्षांपूर्वी स्क्रबर (वायू धुणारं यंत्र) बसवताना या रिअ‍ॅक्टरचा एक जादा व्हेंट कॉमन हेडरला जोडला होता आणि पी अँड आयडीवर तो कधी चढलाच नाही. दुपारी शेजारच्या रिअ‍ॅक्टरमध्ये ड्रममधून सॉल्व्हंट भरणं चालू झालं. तिथली हवा हेडरमध्ये ढकलली गेली आणि नवव्या वाटेने आमच्या टाकीत उतरली. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक नोझलला हात लावून फिरा म्हटलं, ते यासाठी.

आता वीज. अ‍ॅजिटेटरच्या फीडरला (मोटरच्या वीजपुरवठ्याला) एमसीसीमध्ये, म्हणजे मोटरांच्या स्विचबोर्डवर, कुलूप लावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, आणि किल्ली त्याच्याच खिशात. मग जागेवरचं स्टार्ट बटण दाबून बघा. इथे एक फसवणूक होते: बऱ्याच रिअ‍ॅक्टरना मॅनहोलचा इंटरलॉक असतो, त्यामुळे मॅनहोल उघडं असताना बटण दाबलं की मोटर सुरू होतच नाही आणि सगळ्यांना वाटतं कुलूप बरोबर फीडरला लागलंय. प्रत्यक्षात कुलूप शेजारच्या मोटरच्या फीडरला असतं. म्हणून बटणाची चाचणी मॅनहोल उघडण्याआधी घ्या: कुलूप लावण्यापूर्वी एकदा चालवून, मग कुलूप लावून एकदा. शिवाय इलेक्ट्रिशियनने टर्मिनलवर व्होल्टेज नाही याची मीटरने खात्री करावी.

> तपासा: यादीतले ब्लाइंड आणि जागेवरच्या शेपट्या दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजल्या का? प्रॉडक्शनचा एक, मेंटेनन्सचा एक. दोघांचा आकडा जुळेपर्यंत मॅनहोल उघडू नका.

६. हवा खेळवणं

मॅनहोल उघडलं की ब्लोअर. जड वाफा तळाशी असतात, म्हणून शोषणारी डक्ट तळापर्यंत न्या आणि ताजी हवा मॅनहोलमधून येऊ द्या. डक्टचं तोंड मॅनहोलच्या काठावर टेकवून ठेवलेलं नेहमी दिसतं. त्याने वरची दोन फूट हवा फिरते, बाकी टाकी तशीच.

बाहेर फेकलेली हवा कुठे जाते, तेही बघा. शेजारी वेल्डिंग चालू नसावं. आत येणारी हवा डिझेलच्या फोर्कलिफ्टजवळून किंवा स्क्रबरच्या तोंडाजवळून येत नसावी. ब्लोअर फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरच्या वाफा पेटू न देणारा) हवा किंवा हवेच्या दाबावर चालणारा, आणि अर्थिंग केलेला.

> थांबा: ‘हवा कमी पडतेय’ म्हणून आत ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नका. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत कपडे आणि केस ठिणगीसरशी पेटतात आणि विझत नाहीत.

७. गॅस तपासणी

सगळं वेगळं करून, धुवून, हवा देऊन झाल्यावरच ही तपासणी. मीटर नेण्याआधी त्याला ओळखीचा गॅस देऊन बंप टेस्ट करा आणि कॅलिब्रेशनची तारीख बघा. आत डोकं न घालता नळीने नमुना घ्या, वर, मध्ये आणि तळाशी. नळी लांब असेल तर आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. मीटरच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ प्रत्येक उंचीवर थांबा. घाईत नळी खाली-वर केली तर तळाचा म्हणून वरचाच आकडा लिहिला जातो.

तपासायचा क्रम: ऑक्सिजन, मग एलईएल, मग विषारी वायू. ऑक्सिजन आधी, कारण बहुतेक एलईएल सेन्सर आतल्या मण्यावर गॅस जाळून मोजतात आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तोच सेन्सर स्फोटक वाफा असूनही कमी दाखवेल. ‘एलईएल शून्य’ ऐकून आनंद मानण्याआधी ऑक्सिजन किती, हे विचारा.

ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के असला की चालतो, असं सगळे पाठ म्हणतात. मी एवढ्यावर थांबत नाही. बाहेर २०.९ आणि आत २०.५ असेल तर हा ०.४ गेला कुठे? हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा असतो. म्हणजे ०.४ टक्के ऑक्सिजन हटवायला सुमारे २ टक्के दुसरं काहीतरी आत आहे. ते टोल्युइन असेल तर एलईएलच्या वर आहे. नायट्रोजन असेल तर तो अजून कुठूनतरी येतोय. मीटरचा स्वतःचा फरक पडू शकतो, म्हणून तो बाहेर मोकळ्या हवेत पुन्हा शून्य करा आणि परत तपासा. तरीही आत कमी येत असेल तर कारण सापडेपर्यंत कोणी उतरणार नाही.

एलईएल वाचनाबद्दल दोन गोष्टी. एक, बहुतेक मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेले असतात. टोल्युइनचं प्रमाण ते खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. पुस्तिकेतला गुणक लावा. दोन, एलईएल हा आगीचा आकडा आहे, श्वासाचा नव्हे. टोल्युइनच्या एलईएलचे १० टक्के म्हणजे साधारण १,१०० पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग), आणि टोल्युइन ५०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानलं जातं. ‘दहा टक्क्यांच्या आत आहे, उतरा’ हे वाक्य टोल्युइनच्या टाकीत म्हणणारा माणूस खाली जाणाऱ्याला मर्यादेच्या दुप्पट विषात ढकलतोय. विषारी वाफांसाठी पीपीएममध्ये मोजणारा वेगळा मीटर हवा. मास्क लागेल की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवा.

ईटीपीची (सांडपाणी प्रक्रिया केंद्राची) टाकी किंवा सल्फर असलेला माल असेल तर हायड्रोजन सल्फाइडही मोजा. नाकावर भिस्त नको. प्रमाण वाढलं की त्याचा वास येणंच बंद होतं.

शेवटची परीक्षा: ब्लोअर पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर आत कुठेतरी द्रव उरलाय किंवा एखादी लाइन पास होतेय. मागे जा.

> तपासा: वाचन, वेळ आणि मोजणाऱ्याची सही मॅनहोलजवळच्या फळ्यावर आहे का? प्रत्येक सुट्टीनंतर, आणि काम थांबून अर्धा तास झाला तरी, नवीन वाचन. आत जाणाऱ्याच्या छातीवर चालू मीटर कायम.

८. उतरणं आणि बचाव

पर्मिटवर सही ऑफिसात नको, मॅनहोलपाशी हवी. सही करणाऱ्याने शेपट्या, कुलुपं आणि फळा स्वतः पाहिलेला असावा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये, चाचणी करून लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनयंत्र आणि दोर लावलेला पट्टा असून दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असल्याशिवाय, आत उतरवू नये असं स्पष्ट लिहिलं होतं. कलम ३६-अ मध्ये आतला हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, आणि ज्वालाग्राही वाफा असण्याची शक्यता असेल तिथे तो फ्लेमप्रूफच हवा, असं होतं. तरीही २३० व्होल्टचा बल्ब एक्स्टेंशन वायरला बांधून खाली सोडलेला आजही दिसतो.

बाहेर बसणारा माणूस हा हेल्पर नव्हे. त्याला दुसरं काम देऊ नका. हत्यारं आणायला, चहा घ्यायला, शेजारच्या पंपाकडे बघायला त्याने उठायचं नाही. आत किती जण आहेत, कधी गेले, हे त्याच्याकडे लिहिलेलं असतं. आतल्याने उत्तर दिलं नाही तर तो आधी हाक मारतो, गजर करतो आणि दोर ओढतो. तो स्वतः उतरत नाही. डेलावेअर सिटीतला दुसरा माणूस असाच गेला, आणि आपल्याकडच्या ईटीपी आणि सेप्टिक टँकच्या बातम्यांत एकामागोमाग तिघं-चौघं जातात तेही असेच. आपला माणूस खाली पडलेला बघून थांबणं फार कठीण असतं. म्हणून हे आधी बोलून, सरावात करून घ्यावं लागतं.

सराव खऱ्या मॅनहोलवर करा. मॅनहोल ४५० मिलिमीटरचं असेल तर पाठीवर एससीबीएचा (श्वसनयंत्राचा) सिलिंडर घेतलेला माणूस त्यातून जातो का? बेशुद्ध माणसाचे खांदे बाहेर निघतात का? ट्रायपॉडचा दोर अ‍ॅजिटेटरच्या पात्यात अडकतो का? आमच्या पहिल्या सरावात ७० किलोची वाळूची पोती बाहेर काढायला बारा मिनिटं लागली. हार्नेसचा हुक पाठीवर खांद्यांच्या मधोमध असला की माणूस उभा वर येतो, कमरेच्या पट्ट्याला दोर बांधला की तो दुमडून मॅनहोलमध्ये अडकतो. त्या बारा मिनिटांनंतर आम्ही कमरेचे पट्टे कायमचे काढून टाकले.

ग्लास लाइन्ड रिअ‍ॅक्टरमध्ये तळाला रबरी मॅट, मऊ बुटं, आणि हत्यारं पिशवीत बांधून. पाना हातातून सुटला तर लायनिंग जातं. बाहेरच्या कवचावर वेल्डिंगही नको, उष्णतेने आतली काच फुटते. कोकणातल्या मे महिन्यात आत फार उकडतं, म्हणून वीस मिनिटांवर माणूस बदला.

९. शिफ्ट बदलताना

काम एका शिफ्टमध्ये संपत नसेल तर माणसं बाहेर, मॅनहोल झाकलेलं, पर्मिट बंद. नवीन शिफ्टचा इनचार्ज स्वतः जागेवर येऊन, जुन्या इनचार्जसोबत शेपट्या मोजून नवीन पर्मिट काढेल.

उत्तर समुद्रातल्या पायपर आल्फा या तेल फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि उघड्या टोकावर गळती न होईल इतका घट्ट नसलेला ब्लाइंड फ्लँज होता. रात्रीच्या शिफ्टला पंपाच्या कामाचा पर्मिट माहीत होता, सेफ्टी व्हॉल्व्ह काढल्याचा दुसरा पर्मिट नव्हता. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. १६७ जण मेले. एकाच उपकरणावर दोन पर्मिट असतील तर ते एकमेकांना टाचलेले असावेत, आणि कंट्रोल रूममध्ये त्या उपकरणाच्या बटणावर टॅग असावा. रजिस्टरमध्ये ‘काम चालू’ एवढंच लिहिणं पुरत नाही. कुठला ब्लाइंड टाकलेला आहे आणि काय उघडं आहे, हे लिहा.

१०. रिअ‍ॅक्टर परत ताब्यात घेणं

काम संपलं की सगळे थकलेले असतात आणि प्रॉडक्शनला बॅच चार्ज करायची असते. त्या घाईत राहून जाणारी गोष्ट म्हणजे व्हेंटमधला ब्लाइंड. तो तसाच राहिला तर पुढच्या बॅचमध्ये तयार होणाऱ्या वायूला वाट मिळत नाही. म्हणून क्रम असा: माणसं आणि हत्यारं मोजून बाहेर, शेवटची नजर आत, मॅनहोल बंद. मग यादीप्रमाणे ब्लाइंड काढायचे, प्रत्येकासमोर दोघांच्या सह्या, आणि काढलेले ब्लाइंड एका पेटीत. पेटीतली संख्या यादीशी जुळल्याशिवाय पुढे नाही. गॅस्केट जुनी वापरू नका.

त्यानंतर नायट्रोजनने हलका दाब चढवून साबणाचं पाणी प्रत्येक उघडलेल्या फ्लँजवर फिरवा. कुलुपं सगळ्यांत शेवटी, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. किल्ली हरवली म्हणून कुलूप तोडायची वेळ आली तर तो माणूस बाहेर आहे हे डोळ्यांनी बघा, फोनवर विचारून नको.

जाता जाता तळाचा ड्रेन उघडून आत धुण्याचं पाणी उरलंय का ते बघा. पुढची बॅच पाण्याशी भडकणाऱ्या कच्च्या मालाची असेल तर ते दोन लिटर पाणीही पुरेसं असतं. ड्रेन कोरडा, पेटीत ब्लाइंड आठचे आठ, स्क्रबरचा तो नववा व्हेंट पी अँड आयडीवर लाल शाईने काढलेला आणि ड्रॉइंग ऑफिसात पाठवलेला, एवढं झालं की चार्जिंगला हिरवा दिवा द्या.